मागची सपरी आणि ५ फूट ३ इंचाचं दार: फोडावं की राहू द्यावं?

वळचण
आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जमीन काळी. घर आजोबांनी बांधलेलं. दीड फूट जाड मातीच्या भिंती, सागाचं आढं, वर कवेलू म्हणजे कौलं. मागच्या अंगाला १२ फूट खोल सपरी, म्हणजे घराला लागून उतरत्या छपराची जागा, काढतोय. अर्ध्या भागात सोयाबीनची पोती राहतील, अर्ध्यात मुलाची खोली होईल. अडचण घरातून सपरीत जायच्या दाराची. ते आहे ५ फूट ३ इंच आणि मी साडेपाच फूट. मिस्त्री म्हणतो, चौकटीची वरची गणेशपट्टी काढू, भिंत फोडू, सिमेंटचं लिंटेल (दारावरची आडवी तुळई) टाकू आणि साडेसहा फुटी लोखंडी चौकट बसवू.

माझं मत, फोडू नये. दारावर जेमतेम सव्वादोन फूट भिंत आहे आणि छपराचं सगळं वजन तिच्यावर. माती आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत. उन्हाळ्यात आमच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच जमीन फुगते. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चीर आधीच गेलेली आहे. तीन पिढ्या वाकून गेल्या. चार दिवस डोकं आपटेल, पाचव्या दिवशी मान आपोआप लवेल.

ओळंबा
भाऊ, तुमची मान लवते, पोत्याची लवते का? पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन मानूस वाकला का पोत्याचं टोक अजूनच वर येते. चौकटीले अडकते अन् मानूस पोत्यासकट मांगं पडते. बावीस वर्षं झाले मी हेच काम करून रायलो. मातीची भित फोडता येते, फक्त घाई नाई करा लागत. दिवाळी ते होळीच्या मंदात करा. आधी बल्ल्या लावून छपराचं वजन उचलून घ्या. लिंटेल मातीवर ठेवू नका. दोन्ही बाजूनं जोत्यापासून इटाचे खांब आना अन् त्यावर नऊ-नऊ इंच टेकू द्या. मंग काऊन पडन भित?

वळचण
दोन खांब, लिंटेल, नवी चौकट, बल्ल्यांचं भाडं. सपरीचे अर्धे पैसे दारातच जातील.

अमरावतीकर सिव्हिल
तुम्ही दोघं चुकीच्या दारावर भांडताय. सपरीच्या बाहेरच्या टोकाचं काय? जुनी वळचण साडेसात फुटांवर आहे असं धरू. तिथून पत्रा निघाला आणि सहाला एक उतार दिला, तर १२ फुटांत २ फूट खाली येतो. बाहेरच्या भिंतीवर उरले साडेपाच. त्यातून पाईप आणि चौकट वजा करा. तिथे दार ठेवलं तर कमरेतच वाकावं लागेल. राष्ट्रीय बांधकाम संहिता राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची सांगते, तुळईखालीसुद्धा २.४ मीटर. गावात कोणी मोजायला येत नाही, पण मे महिना येतो. २३ मे २०१३ ला नागपूरला ४७.९ अंश होतं. त्या उन्हात डोक्याजवळ आलेल्या पत्र्याखाली मुलाला झोपवणार का?

माझ्या मते पत्रा वळचणीतून काढूच नका. कवेलूंवरून ३ फूट आत न्या. कवेलूंचा उतार दोनाला एक असेल तर दीड फूट उंची मिळते, म्हणजे सुरुवात ९ फुटांवर. १५ फुटांत अडीच फूट उतरून बाहेरचं टोक साडेसहावर राहतं. आणि दार त्या टोकाला नकोच. बाजूच्या भिंतीत, जुन्या घराला लागून ठेवा. तिथे पत्रा साडेआठ फुटांवर असतो.

कवेलूवाला
कागदावर छान आहे. दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरायचे, म्हणजे काढून परत नीट लावायचे असतात. पत्र्याखालचे तीन फूट कसे फेरणार? माकडं पत्र्यावर धिंगाणा घालणार, खालचा कवेलू फुटणार आणि पाणी नेमकं त्या मातीच्या भिंतीत मुरणार. शिवाय मेच्या शेवटी वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटलं की उचललेला पत्रा आधी उडतो. शेजारच्या गावात एकाचा तुरीच्या वावरात सापडला होता. आमच्या म्हाताऱ्यांनी वळचण बुटकी ठेवली ती उगाच नाही. भिंतीवर झड येत नाही, ऊन येत नाही.

अमरावतीकर सिव्हिल
पत्रा जुन्या वाशांवर टेकवायचाच नाही. त्याला स्वतःचे खांब द्यायचे आणि पट्टीला हुक-बोल्टने आवळायचा. कवेलू फेरण्याचा मुद्दा मात्र मान्य. पत्र्याखालच्या ओळी पक्क्या करून घ्याव्या लागतील.

सून, आर्वीकडची
‘मान आपोआप लवेल’ हे वाचून हसू आलं. वळचण भाऊ, तुम्ही त्या दारातून दिवसातून किती वेळा जाता? माझ्या हिशेबात चाळीस खेपा होतात. त्यातल्या निम्म्या डोक्यावर पाण्याचा गुंड नाहीतर हातात घमेलं घेऊन. लागलं की आधी ओरडायचं नाही, गुंड सांभाळायचा.

आता कामाचं. आमचंही दार असंच बुटकं होतं. सासूबाई म्हणाल्या, आधी नव्हतं, मी लग्न होऊन आले तेव्हा सरळ शिरले होते. उकरून पाहिलं तर शेणमातीवर शहाबादी आणि शहाबादीवर टाईल. उंबरठा त्यातच बुडालेला. दार खाली आलं नव्हतं, फरशी वर चढली होती. दोन्ही थर काढले आणि ५ इंच मिळाले, भिंतीला हात न लावता. सासूबाईंनी उंबरठ्याला हळद-कुंकू वाहिलं.

एक सांगायला हवं. त्याच वर्षी समोरचा सिमेंट रस्ता उंच झाला आणि जुलैच्या झडीत पाणी ओसरीवरून आत आलं. आता पावसाळ्यात दारात मातीची पोती लावतो.

अमरावतीकर सिव्हिल
म्हणून आधी रस्त्याची पातळी बघा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं धरली की अर्ध्या तासात कळतं. रस्ता वर असेल तर फरशी अजिबात उकरू नका.

वळचण
ताई, पहारीने कोपरा उकरला. साडेचार इंच निघाले. आईला विचारलं तर ती म्हणते, शहाबादी तुझ्या मुंजीच्या वर्षीची. रस्ता आमच्यापेक्षा सव्वा फूट खाली आहे, नळी लावून बघितलं. म्हणजे दार ५ फूट साडेसात इंच. माझं डोकं वाचलं. ओळंबा, भिंत फोडत नाही.

ओळंबा
अन् पोतं?

वळचण
पोती घरातून न्यायचीच कशाला? सपरीला बाजूच्या भिंतीत साडेसहा फुटी दार ठेवतो, गाडी तिथंच लावू. पत्रा किती आत न्यायचा ते कवेलूवाल्यांशी अजून भांडायचं आहे.

ओळंबा
हे बरं केलं. फक्त एक सांगा, पोराची उंची किती हाय?

वळचण
पाच फूट अकरा. अजून वाढतोय.