मदत हवी आहे: माळवदाच्या तुळईतल्या चिरा पारदर्शक इपॉक्सीने भरायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

अंबाजोगाईजवळच्या गावातलं आमचं माळवदाचं घर यंदा उतरवलं. १९९३ च्या भूकंपानंतर मातीच्या जड छताखाली झोपायची धास्तीच बसली होती, त्यामुळे मागच्या खोल्या रिकाम्याच असायच्या. तुळया मात्र विकू दिल्या नाहीत. एक सागवानी तुळई चिरून आणली, तिच्या फळ्यांचं जेवणाचं टेबल करायचंय.

फळ्या ठणठणीत आहेत, रंधा मारला की सागाचा वास अजून येतो. अडचण चिरांची. सगळ्यात मोठी चीर हातभर लांब. एका टोकाला रुपयाचं नाणं उभं बसेल एवढी, दुसऱ्या टोकाला केसाएवढी. शिवाय खिळ्यांची भोकं, आणि त्यांच्याभोवती लाकूड काळं पडलेलं. सुतारकाका म्हणतात, भुसा-फेविकॉल कालवून भरू, वरून पॉलिश, कळणारही नाही. काकांचा हात चांगला आहे, पण मला ते कळायलाच हवंय. या लाकडाखाली आमच्या तीन पिढ्या राहिल्या. चीर दिसावी, खिळ्याचं काळं वर्तुळ दिसावं, फक्त त्यात भाकरीचा चुरा अडकू नये. म्हणून पारदर्शक इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवले की घट्ट होणारी राळ, भरायची आहे.

आता पारा चाळिशीपार आहे. एवढ्या उन्हात इपॉक्सी भांड्यातच घट्ट होईल का? पावसाळ्यापर्यंत थांबू का? केसाएवढ्या चिरेत ती उतरवायची कशी, बुडबुडे कसे टाळायचे? आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की भरलेलं सुटणार तर नाही?

प्रतिसाद

भाऊ, भुसा भरू दिला नाहीत ते फार चांगलं केलंत.

पावसाळ्यासाठी थांबू नका, दमट हवेत काही हार्डनरांमुळे (राळेत कालवायचा, ती घट्ट करणारा दुसरा भाग) वर चिकट थर येतो. पण दुपारी हात लावू नका. दर दहा अंशांना कामाचा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून सावकाश जमणारा हार्डनर घ्या. थोडंथोडंच कालवा आणि कालवल्यावर पसरट ताटलीत ओता. खोल पेल्यात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापून जमतं.

खरी मेख वेळेची आहे. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. सकाळी भरलं की दिवस तापतो तशी ती फुगते आणि बुडबुडे वर येत राहतात. दिवस मावळल्यावर भरा. लाकूड निवत जातं, हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढली जाते. त्याआधी चिरेच्या आतल्या कडांना इपॉक्सीचा पातळ हात मारून तो चिकट होऊ द्या, मग भरा. खालून ब्राऊन टेप घट्ट लावा, नाहीतर सगळं खाली गळेल. बारीक टोकाला सुई लावलेली सिरिंज वापरा, वरून हेअर ड्रायर क्षणभर फिरवा.

साग तेलकट असतो. चिरेतली माती ब्लेडने खरवडून काढा, ब्रशने झाडा, मग अ‍ॅसिटोनने पुसून लगेच कामाला लागा. प्रमाण डब्यावरचंच पाळा, पण ते मापाचं आहे की वजनाचं ते नीट बघा. साधं अराल्डाइट मापाने समसमान असतं, वजनाने १०० ला ८०. शिवाय ते पिवळसर असतं, तुमच्या कामाला नको.

सुटण्याचं म्हणाल तर ताज्या चिरलेल्या फळ्या आधी घरात सावलीत काही आठवडे पडू द्या. फळीच्या टोकापर्यंत गेलेली चीरच पुढे वाढते. तिथे खालच्या बाजूने डमरूच्या आकाराची सागाची पट्टी आडवी बसवा. पॉलिश दोन्ही बाजूंना करा, नुसतं वर केलं तर फळी वाकते.

एक लक्षात घ्या, भरल्यावर चीर काळपट दिसेल, कारण नजर तळापर्यंत जाते. आणि गरम तवा थेट ठेवू नका, साधी इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते.

धागाकर्ता

काळपट दिसली तर उलट बरंच. आधी खिळ्यांची भोकं भरून बघतो. पॉलिश पेपर कधी मारू?

प्रतिसाद

नख दाबून खूण उमटेनाशी झाली की. तरी आणखी एक दिवस जाऊ द्या. घासताना मास्क लावा, आणि भरताना हातमोजे विसरू नका.