वायरलेस व्हिडिओतला बिघाड ओळखायला मशीन लर्निंग हवं का?

महालकर:
नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते आणि त्याच गर्दीतून कॅमेऱ्याचं चित्र मोबाइल नेटवर्कवरून स्टुडिओत आणायचं असतं. टॉवरवर ताण आला की पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, ड्रॉप होतात, चित्र पिक्सलेट होतं, पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याचा अर्धा चेहरा करडा पडतो. एच.२६४ या व्हिडिओ लहान करून पाठवायच्या पद्धतीत बहुतेक फ्रेम आधीच्या फ्रेमवर बेतलेल्या असतात, त्यामुळे एकदा पडलेला डाग पुढची आय-फ्रेम (दुसऱ्या फ्रेमवर न बेतलेली, स्वतःपुरती पूर्ण फ्रेम) येईपर्यंत पसरत जातो. अनेक स्क्रीन एकट्यानं बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर हे सोडू नये. चित्र पाहून बिघाड ओळखणारं मशीन लर्निंगचं मॉडेल बसवा, असं माझं ठाम मत आहे.

धरमपेठचा सिग्नलवाला:
भाऊ, काहून एवढा खटाटोप? आरटीपी, म्हणजे नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीत, प्रत्येक पॅकेटवर क्रमांक असतो. ४१ नंतर ४३ आलं म्हणजे ४२ गेलं. बिट बिघडला तर चेकसम (पॅकेटसोबत येणारा पडताळणीचा आकडा) जुळत नाही, पॅकेट खालच्या थरातच टाकून दिलं जातं. हे पक्कं गणित सोडून तुम्ही अंदाज सांगणारी गोष्ट विकत घेऊन राहिले. तोच पैसा एफईसीवर (हरवलेलं पॅकेट पुन्हा उभं करता यावं म्हणून सोबत पाठवलेला जास्तीचा डेटा) आणि जास्तीच्या सिमवर लावा.

महालकर:
क्रमांकावरून पॅकेट गेलं एवढंच कळतं, घरी बसलेल्याला काय दिसलं ते कळत नाही. मागची भिंत स्थिर असेल तर डिकोडर (आलेल्या डेटातून चित्र उलगडणारं यंत्र) आधीच्या फ्रेममधला तुकडा तिथे लावतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. तेच पॅकेट आय-फ्रेमचं असेल तर चित्राची वाट लागते. आणि मुख्य मुद्दा असा की स्टुडिओत चित्र डिकोड होऊन केबलसाठी पुन्हा एन्कोड होतं. तिथून पुढे सगळे क्रमांक ओळीनं असतात, चेकसमही जुळतात, पण डाग चित्रात कायमचा बसलेला असतो. तो फक्त चित्र पाहूनच सापडेल.

धरमपेठचा सिग्नलवाला:
मग पहिल्या रिसीव्हरवरच मोजा ना, डिकोड व्हायच्या आधी! आता खोट्या घंटेचा हिशेब पाहा. सेकंदाला २५ म्हणजे तासाला ९०,००० फ्रेम. हजारात एकच चुकली तरी तासाला ९० वेळा घंटा वाजेल. गुलाल, धूर, एलईडीचा मोठा पडदा, हे सगळं मॉडेलला बिघाडच वाटणार.

इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी:
दादा, एकेका फ्रेमवर घंटा कोणी वाजवत नाही. लागोपाठ काही फ्रेममध्ये डाग टिकला तरच इशारा द्यायचा. शिवाय एच.२६४ चे मॅक्रोब्लॉक, म्हणजे चित्राचे पाडलेले चौकोनी तुकडे, १६ बाय १६ पिक्सेलचे असतात, त्यामुळे बिघाडाच्या कडा त्या जाळीवर सरळ रेषेत येतात. धुराच्या कडा अशा नसतात. शिकवायला डेटाही घरीच तयार होतो: स्वच्छ रेकॉर्डिंग घ्यायचं, लिनक्सच्या नेटएमनं (नेटवर्कमधला बिघाड मुद्दाम घडवणारं साधन) पॅकेट पाडायचे, डिकोड करून मूळ चित्राशी ताडून पाहायचं. कुठल्या ब्लॉकमध्ये बिघाड आहे ते आपोआप कळतं, माणसाला एकेक फ्रेम तपासत बसावं लागत नाही.

धरमपेठचा सिग्नलवाला:
१०८० ओळींचं चित्र केबलसाठी ५७६ ओळींवर आणलं की १६ ची जाळी राहते कुठे? आणि नेटएमनं सुटे सुटे पॅकेट पाडाल, इतवारीच्या गर्दीत ते झुंडीनं जातात.

इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी:
झुंडीनं पाडायची सोय नेटएममध्ये आहे, गिल्बर्ट-इलियट हे गणिती मॉडेल त्यासाठीच आहे. जाळीचं म्हणणं मात्र मान्य. लहान केलेल्या चित्रांवरही वेगळं शिकवावं लागेल, नाहीतर केबलच्या बाजूला ते मॉडेल आंधळं ठरेल.

महालकर:
मॉडेलनं स्वतः कॅमेरा बदलू नये, ऑपरेटरच्या स्क्रीनभोवती फक्त लाल चौकट दाखवावी. रिसीव्हरवर पॅकेट गेल्याची नोंद असेल तर मॉडेलचा शब्द जास्त धरावा. सिग्नलवाले भाऊ, तुमचे क्रमांकही यात कामी येतातच.

धरमपेठचा सिग्नलवाला:
चौकट उगाच लाल होत राहिली की ऑपरेटर तिच्याकडे पाहणंच सोडतो. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या प्रक्षेपणात मला तो धोका नको. आधी मारबतीच्या जुन्या रेकॉर्डिंगवर चालवा, तासाला खोटे इशारे किती आणि सुटलेले बिघाड किती ते इथं टाका. तोवर माझं मत एफईसीलाच.