शब्दचर्चा : 'विश्वासाने जगणे'

वाटसरू : ख्रिस्ती लेखनात 'विश्वासाने जगणे' हा प्रयोग सारखा भेटतो. 'तो विश्वासाने बोलला' म्हटलं की मला ठामपणा, आत्मविश्वास ऐकू येतो. इथे तो अर्थ बसत नाही. मग सरळ 'श्रद्धेने जगणे' का म्हणत नाहीत?

ओळंबा : श्रद्धा एकट्याच्या मनात राहू शकते. विश्वासाला दुसरा पक्ष लागतो. तो कुणावर तरी ठेवायचा असतो, कुणी तरी तो सार्थ करतो किंवा मोडतो. 'विश्वासघात' हा शब्द आहे, 'श्रद्धाघात' कधी ऐकलाय? ख्रिस्ती अर्थाला तो दुसरा पक्ष हवाच. देव आहे असं मानणं हा त्यातला फार छोटा भाग. बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (२:१९) खोचक वाक्य आहे: तेवढं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात.

जुनी पोथी : या प्रयोगाचं मूळ जुन्या करारातल्या हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकात (२:४) आहे आणि संदर्भ सोडून वाचलं तर ते गुळगुळीत वाटतं. खास्दी म्हणजे बाबेलच्या लोकांचं सैन्य चालून येणार आहे, अन्याय माजलाय, संदेष्टा देवाशी चक्क वाद घालतोय. उत्तर मिळतं ते 'थांब, उशीर लागला तरी वाट पाहा' असं. त्याच्या पाठोपाठ येतं की नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल. हिब्रू शब्द 'एमुना'. हाच शब्द निर्गम १७:१२ मध्ये मोशेच्या हातांबद्दल आलाय. लढाई चालू असताना त्याचे हात थकतात, अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी आधार देतात, आणि सूर्यास्तापर्यंत ते हात 'एमुना' राहतात, म्हणजे स्थिर. मला तर या शब्दाची सर्वांत चांगली व्याख्या हीच वाटते. हात त्याचे, पण आधार दुसऱ्यांचा!

वाटसरू : मग स्थिरपणा नक्की कुणाचा? माणसाचा की देवाचा?

जुनी पोथी : नेमकं इथेच पाठ वेगळे होतात. हिब्रूत 'त्याच्या' विश्वासाने, म्हणजे नीतिमानाच्या. जुन्या कराराच्या जुन्या ग्रीक भाषांतराच्या प्रमुख पाठात 'माझ्या', म्हणजे देवाच्या निष्ठेने. प्रेषित पौल आपल्या पत्रांत, रोमकरांस १:१७ आणि गलतीकरांस ३:११ मध्ये, हे वचन घेतो, तेव्हा सर्वनामच गाळतो. त्याने विश्वासासाठी वापरलेल्या ग्रीक 'पिस्तिस' या शब्दात भरवसा आणि निष्ठा दोन्ही मावतात. गलतीकरांस २:२० मध्ये तर 'देवाच्या पुत्राचा विश्वास' अशी षष्ठी आहे. पुत्रावर ठेवलेला विश्वास की पुत्राने दाखवलेली निष्ठा, यावर अभ्यासक अजून भांडतात. मराठी षष्ठीही तितकीच लबाड आहे. 'मित्राचा विश्वास' मी कमावलेला की मित्राने सांभाळलेला, हे पुढच्या वाक्याशिवाय कळत नाही.

टीपकागद : व्याकरण झालं, पण रोजच्या वापरात 'विश्वास ठेव, काम होईल' असंच ऐकू येतं. तो अर्थ धरायचा का?

ओळंबा : लोक धरतात खरे, पण इब्री लोकांस पत्राचा ११ वा अध्याय त्याला आधार देत नाही. तिथे विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेतून वाचले (वचन ३४), आणि तीनच वचनांनंतर काही जण तलवारीने मारले गेले. यादी एकच, विश्वास तोच. अब्राहाम तर कुठे जायचं हे ठाऊक नसतानाच निघाला. दानीएलाच्या पुस्तकातले तिघे तरुण अग्निकुंडासमोर राजाला सांगतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. 'विश्वासाने जगणे' त्या 'नाही सोडवलं तरी'मध्ये आहे असं माझं मत. सौदा केला असता तर हे वाक्य बोलताच आलं नसतं.

टीपकागद : म्हणजे शंका आली की विश्वास संपला?

ओळंबा : मार्क ९:२४ वाचा. आजारी मुलाचा बाप एका दमात म्हणतो, विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. येशू त्याला परत पाठवत नाही.

वाटसरू : शेवटची शंका. 'विश्वासू ख्रिस्ती' आणि 'विश्वासणारा' एकच का?

जुनी पोथी : मराठीत नाही. 'विश्वासू' म्हणजे ज्याच्यावर भरवसा टाकावा असा, विश्वासू नोकर म्हणतो तसा. 'विश्वासणारा' हे ख्रिस्ती मंडळींत रुळलेलं रूप, म्हणजे विश्वास ठेवणारा. 'पिस्तिस'वरून आलेलं ग्रीक विशेषण 'पिस्तोस' मात्र दोन्ही अर्थांनी चालतं. १ करिंथकरांस १:९ मध्ये ते देवाला लावलंय, आणि योहान २०:२७ मध्ये येशू आपल्या पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला 'पिस्तोस' हो म्हणून सांगतो. भाषांतर करताना दर वेळी संदर्भ पाहूनच निवडा, आणि थोमाच्या ठिकाणी 'विश्वासू' लिहू नका. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल तिथे कुणाची तक्रार नव्हती.