बीएस्सी बॉटनीनंतर प्राचीन इतिहासात एमए, जमंल का?

कंपासपेटीतला_मणी
नमस्कार सगळ्यांना. मी अंबाजोगाई तालुक्यातली, यंदा बीएस्सी झाले, बॉटनी. घरचे म्हणतात बीएड कर नाहीतर एमपीएस्सीला लाग, आणि मला करायचंय प्राचीन इतिहासात एमए. हे खूळ कुठून आलं ते सांगते म्हणजे तुम्ही हसायचे ते एकदाच हसून घ्या. आमचं जुनं घर धाब्याचं, दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी आज्जा धाब्यावर टाकायला बैलगाडीनं पांढरीची (जुन्या वस्तीच्या जागेची) माती आणायचे, ती माती अंगणात पडली की आम्ही पोरं त्यात खेळायचो. एकदा त्यात मणी सापडला, लालसर, बोराच्या बीएवढा, उजेडात धरला की मधातून बघितल्यासारखं वाटतं आणि आरपार सरळ भोक. तो अजून माझ्या कंपासपेटीत आहे. मशीन नसताना एवढं सरळ भोक कुणी कसं पाडलं असेल हे डोक्यातून जातच नाही.

आता प्रश्न. बॉटनीवालीला घेतात का? संस्कृत शून्य, दहावीला हिंदी-संस्कृत संयुक्त होतं तेवढंच. इंग्रजी वाचता येतं पण हळू. पुण्याला जायचं म्हणलं तर खर्च, संभाजीनगरला केलं तर घरून जरा सोपं पडंल. आणि शेवटी पोटापाण्याचं काय, पप्पांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोन एकर सोयाबीन आणि थोडा कापूस, त्यावर चाललंय सगळं. खरं सांगा, गोड बोलू नका.

सरळ_बोल
ताई खरं सांगा म्हणलात म्हणून सांगतो, छंद म्हणून ठेवा. माझ्या ओळखीतले दोघं इतिहासात एमए करून एक मोबाईल शॉपीत आहे अन दुसरा अजून फॉर्मच भरायलाय. बीएड करा, निवांत रहा.

तासिका_मास्तर
सरळ_बोल, तुमच्या ओळखीतल्या दोघांचं खोटं नाही, मी तिसरा धरा. नेट आहे, सेट आहे (कॉलेजात शिकवायच्या पात्रता परीक्षा), पीएचडी चालू आहे आणि आठ वर्षं झाली तासिका तत्त्वावर शिकवतोय. पण निवांत रहा म्हणून बीएड सुचवताय, तिकडं कुठं रांग कमी आहे?

तर ताई, प्रवेशाचं आधी. बहुतेक ठिकाणी एमएला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, तुमचं बॉटनी आडवं येणार नाही, जाहिरात मात्र नीट वाचा. खरी मेख पुढं आहे आणि ती प्रवेश घेताना कुणी सांगत नाही. "इतिहास" ही डिग्री वेगळी आणि "प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व" ही वेगळी. नेटला सुद्धा इतिहासाचा पेपर वेगळा, पुरातत्त्वाचा वेगळा. आपल्याकडच्या कॉलेजात जागा निघते ती इतिहासाची. माझा एक मित्र, गोल्ड मेडल, पुरातत्त्वातला, एका कॉलेजात मुलाखतीला गेला तर छाननीतच बाजूला काढला, विषय जुळत नाही म्हणून, हा बिचारा कागद घेऊन इकडून तिकडं. त्यामुळं कॉलेजात शिकवायचंच असेल तर इतिहासात एमए करून प्राचीन कालखंडाचे पेपर घ्या. उत्खननात काम करायचं असेल तर पुरातत्त्व. अधेमधे राहू नका, मी स्वतः दोन वर्षं अधेमधे राहून घालवली.

पैशाचं म्हणाल तर नेटसाठी एमएला 55 टक्के पाहिजेत (आरक्षित प्रवर्गाला 50), मग त्यात जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) निघाली तर 2023 पासून महिना 37,000 आहे, आणि त्याला वयाची अट आहे म्हणून एमएच्या दुसऱ्या वर्षापासूनच परीक्षा द्यायला लागा, नंतर बघू नंतर बघू करू नका. एमए झाल्यावर एएसआयचा (केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा) ग्रेटर नोएडाला दोन वर्षांचा पीजी डिप्लोमा आहे, जागा कमी पण स्टायपेंड मिळतो. राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या जागा कधीतरी निघतात, निघाल्या तर बोटावर मोजण्याइतक्या. हे सगळं पप्पांना जसंच्या तसं सांगा. आणि एमए चालू असताना हाताशी दुसरं काहीतरी ठेवा, शिकवण्या घ्या, कायपण.

गोदाकाठ
मी पुण्याला डेक्कन कॉलेजला केलंय, मूळचा पैठणकडचा, बीकॉमवाला, म्हणजे तुमच्यापेक्षा वाईट केस. प्रवेश परीक्षा दिली, लागलो. शिकवणं इंग्रजीत, पहिलं सेमिस्टर डोळ्यांसमोर अंधारी. डिक्शनरी घेऊन दिवसाला चार पानं व्हायची. दुसऱ्या सेमिस्टरला दहा. आपोआप होतं, फक्त मेसमध्ये इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यांना बघून घाबरायचं नाही, मातीत उतरल्यावर सगळे सारखेच. संभाजीनगरला विद्यापीठात इतिहास आणि प्राचीन भारतीय संस्कृतीचा विभाग आहे, मराठीत पेपर लिहिता येतो, आणि अजिंठा, वेरूळ, पितळखोरा, पैठण, भोकरदन, यातलं कुठलंही एका दिवसात जाऊन यायच्या टप्प्यात. पुण्याची पोरं हेच बघायला वर्षातून एकदा बस करून येतात.

बॉटनीचं मात्र तुम्ही उलटं बघताय. पुरातत्त्वात बॉटनीवाल्यांची वाट बघत असतात. पुण्याजवळ शिरूर तालुक्यात इनामगाव आहे, घोड नदीच्या काठी, तिथं 1968 ते 83 खणलं. इ.स.पू. 1600 ते 700 च्या दरम्यानची शेतकऱ्यांची वस्ती. ते लोक काय पेरत होते हे कळलं कशावरून? जळालेल्या दाण्यांवरून. चुलीतली, कणगीच्या बुडातली माती पाण्याच्या ड्रममध्ये सोडायची, हातानं हळू ढवळायची, माती खाली बसते अन कोळसा झालेलं धान्य तरंगून वर येतं, ते बारीक चाळणीवर धरायचं, सावलीत वाळवायचं (उन्हात ठेवलं की तडकतं), मग मायक्रोस्कोपखाली एकेक दाणा. हे जव, हे कुळीथ, हे नुसतं गवताचं बी. इनामगावला मुख्य पीक जव निघालं. आम्ही बीए-बीकॉमवाले लॅबमध्ये असले दाणे बघत बसायचो, आम्हाला सगळे दाणे सारखेच दिसायचे. बियांची चिरफाड तुम्ही तीन वर्षं केलीय, दाण्याची पोटाकडची रेघ बघून तुम्ही अर्ध्या मिनिटात सांगाल. आर्किओबॉटनी म्हणतात याला. हे माहीत नसताना प्राचीन इतिहास म्हणजे राजांच्या सनावळ्या असं वाटतं, मला पण तसंच वाटायचं.

कंपासपेटीतला_मणी
गोदाकाठ दादा, हे असलं काही असतं हेच माहीत नव्हतं, आमच्या प्रॅक्टिकलच्या मॅडमनी पण कधी सांगितलं नाही. तासिका सर, छाननीची गोष्ट वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं आत्ताच कळलं. संस्कृतचं कुणीच बोललं नाही पण?

तेरकर_काका
संस्कृतचं मी बोलतो. मी काही प्राध्यापक नाही, रिटायर माणूस आहे, पण तीस वर्षं लेणी हिंडलो. पोरी, आपल्याकडचे सातवाहनांचे लेख बहुतेक संस्कृतात नाहीतच. प्राकृतात आहेत. आणि ती प्राकृत मराठी माणसाच्या ओळखीची आहे. लेण म्हणजे लेणं, खेत म्हणजे शेत, गाम म्हणजे गाव, पाणिय म्हणजे पाणी. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं, हा तेवढा एक नवीन शिकावा लागंल. पुढं वाकाटक, राष्ट्रकूट करायचे तर संस्कृत लागतंच, अजिंठ्याच्या 16 नंबरमधला वराहदेवाचा लेख संस्कृतात आहे, पण ते तेव्हा बघू. ब्राह्मी अक्षरं तर पंधरा दिवसात येतात, अवघड आहे ते भिंतीवर अक्षर कुठलं अन दगडाची चीर कुठली हे ओळखणं. त्याला सकाळचा तिरका उजेड पाहिजे, दुपारी बारा वाजता समोर उभं राहिलं तर काहीच दिसत नाही.

तू शेतकऱ्याची लेक म्हणून एक सांगतो. नाशिकला पांडवलेण्यात 3 नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा हुकूम कोरलाय, राज्यवर्ष 18 चा. गोवर्धनच्या अमात्याला लिहिलंय की अमुक गावचं शेत, आधी उषवदाताकडं (आधीच्या क्षत्रप राजाच्या जावयाकडं) होतं ते, 200 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप), इथल्या भिक्षूंना दिलं. वर अटी. त्या शेतात सरकारी माणसानं शिरायचं नाही, मीठ खणायचं नाही. लोक फोटो काढून निघून जातात. पण त्याच्याच खाली दुसरा हुकूम आहे, राज्यवर्ष 24 चा. त्यात म्हणलंय की आधी दिलेलं शेत कुणी कसत नाही, ते गावही वसत नाही, म्हणून आता नगराच्या शिवंवरचं आमचं शेत, त्यातली 100 निवर्तनं देतो. म्हणजे सहा वर्षं कागदावर जमीन होती, जाग्यावर पडीक! अन दुसऱ्या बारीला निम्मीच मिळाली. मी पहिल्यांदा हे समजून वाचलं तेव्हा तिथंच पायरीवर बसलो, आमच्या घरचा फेरफाराचा घोळ आठवला. राजा काय लढला ते सगळे सांगतात, दिलेली जमीन पडीक राहिली हे सांगणारा लेख क्वचित. नाशिकचे हे सगळे लेख एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांच्या इंग्रजी मालिकेच्या 8 व्या खंडात आहेत, नेटवर फुकट आहे. सातवाहनांवर मिराशींनी मराठीत लिहून ठेवलंय, सुरुवात तिथून कर, इंग्रजी मागून.

गोदाकाठ
काका, दुसऱ्या हुकुमाचं आम्हाला वर्गात एका वाक्यात उरकलं होतं.

तासिका_मास्तर
मी पण वर्गात एका वाक्यातच उरकतो काका, सिलॅबस पुढं ढकलायचा असतो. उद्या सांगतो पोरांना.

तेरकर_काका
आता मण्याचं. तो कार्नेलियनचा (लालसर अकीक दगडाचा) असावा, बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. आमचं तेर म्हणजे जुनं तगर. एका अनाम ग्रीक खलाशाच्या पेरिप्लस नावाच्या वहीत पैठण आणि तगर दोन्हीची नावं आहेत, पैठणहून बैलगाड्यांनी दगड भडोचला जायचे अन तगरहून कापड. आमच्या गावात लामतुऱ्यांनी आयुष्यभर असल्याच वस्तू गोळा केल्या, शेतातून, पावसात उघड्या पडलेल्या, पोरांकडून, आता त्याचं शासकीय म्युझियम आहे. तिथं जा, मण्यांच्या पेटीपुढं तुझा मणी घेऊन उभी रहा, भोक बघ. भोक दोन्ही बाजूंनी पाडायचे, मधी दोन्ही भोकं भेटतात तिथं कधी कधी बारीक पायरी राहते. सुई घालून बघ, अडकती का.

पण एक चूक झाली तुझ्याकडून, लहान होतीस म्हणून माफ. मणी ठेवलास, जागा लिहून ठेवली नाहीस. माती कुठल्या पांढरीची, किती खोल खणलेली, सोबत खापरं होती का, काळी-तांबडी होती (ती जुन्या वस्तीची खूण) का नुसती तांबडी. आता तो नुसता सुंदर मणी आहे. आज्जा आहेत ना अजून? मग एमएचा फॉर्म भरायच्या आधी त्यांच्याजवळ बस.

सरळ_बोल
मी माझा सल्ला मागं घेत नाही पण हा धागा सेव्ह केलाय.

कंपासपेटीतला_मणी
काका, सुई अडकली. मधोमध. दोन बाजूंनी घालून बघितली, दोन्हीकडून तिथंच.

आज्जाला विचारलं. ऐकू कमी येतं त्यांना, दोनदा ओरडून विचारावं लागलं. म्हणाले वरल्या अंगाला म्हसोबाच्या पलीकडं टेकाड होतं, माणूसभर उंच, सगळं गाव तिथूनच माती न्यायचं, खापरं लै निघायची, ती पायाला लागायची म्हणून ओढ्यात फेकायचे. मी आज संध्याकाळी जाऊन आले. टेकाड नाही. जेसीबी लावून सपाट केलंय, सोयाबीन आहे तिथं, पण तेवढ्याच पट्ट्यात माती राखाडी दिसते अन बांधाला खापरं आहेत, बरीच काळी-तांबडी.

तेरकर_काका
हात लावू नको, फोटो काढ, शेजारी पेन ठेवून काढ म्हणजे माप कळतं. आणि त्या शेताचा गट नंबर आजच लिहून ठेव.