फ्लॉरेन्समध्ये दोघांचे तीन दिवस: तुमचे अनुभव लिहा

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं तीन रात्री इटलीतल्या फ्लॉरेन्सला राहून आलो. मुलं मोठी झाल्यावर पहिल्यांदाच फक्त दोघं. निघण्याआधी मी केलेल्या यादीत सतरा ठिकाणं होती. ह्यांनी ती वाचली आणि विचारलं, "यातलं तुला खरंच काय बघायचंय?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

मग ठरवलं, प्रत्येकाने एकच गोष्ट निवडायची, तिचं बुकिंग करायचं आणि दुसऱ्याने मनापासून सोबत जायचं. बाकी वेळ मोकळा. हे बांधकामातले इंजिनियर, त्यामुळे त्यांनी कॅथीड्रलचा घुमट निवडला. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि ठरलेल्या वेळेलाच जावं लागतं. मला वाटत होतं, एवढं चढायचं ते वरून दिसणाऱ्या शहरासाठी. पण खरं बघण्यासारखं वाटेतच आहे. घुमटाला दोन कवचं आहेत, एक आतलं आणि एक बाहेरचं, आणि जिना त्या दोन्हींच्या मधून वर जातो. आडव्या विटांच्या थरांत मधेमधे उभ्या विटा घातलेल्या दिसतात. हे तिथे थांबले, विटांवर हात ठेवला आणि मला समजावू लागले. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात हा घुमट खालून सेंटरिंग, म्हणजे लाकडी आधार, न लावता बांधला. चुना ओला असताना वरचा थर आत घसरू नये, म्हणून त्या उभ्या विटा खालच्या थरांत अडकवलेल्या. मागून लोक येत होते, त्यांना वाट देत देत आम्ही चढलो. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या कामाबद्दल मी एवढं मन लावून कधी ऐकलं नव्हतं.

मी सान मार्कोचा जुना मठ निवडला. जिना चढून वर जाताना समोरच फ्रा अँजेलिको या साधू-चित्रकाराचं भित्तिचित्र दिसतं, देवदूत मेरीला निरोप सांगतोय ते. पुढे साधूंच्या छोट्या छोट्या कोठड्या. प्रत्येकीत एक खिडकी आणि भिंतीवर एक चित्र. हे चित्र लोकांनी येऊन बघावं म्हणून काढलेलं नाही, तिथे राहणाऱ्या एका माणसाने रोज त्याच्यासमोर बसावं म्हणून काढलंय. सकाळीच जा, हा मठ दुपारी लवकर बंद होतो. चित्रांत फारसा रस नसलेले हे तिथून निघायला तयार नव्हते.

तुम्ही दोघांनी तिथले दिवस कसे वाटून घेतले, काय सोडलं, कशावरून अडलं, ते लिहा. नुसत्या याद्या नकोत.

*

आमचं चुकलं ते लिहितो, म्हणजे दुसऱ्यांचं टळेल. आम्ही रविवारी दुपारी पोहोचलो आणि मंगळवारी पहाटे निघालो. उफीझी आणि अकाडेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. रविवार नेमका महिन्यातला पहिला. त्या दिवशी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, त्यामुळे रांग बघूनच पाय मागे आले. बायकोला अकाडेमियातला मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघायचा होता, कॉलेजात असल्यापासून. ती काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

सोमवार वाचवला तो कॅथीड्रलच्या मागच्या दुओमो संग्रहालयाने. बाप्तिस्मागृहाचे जे सोनेरी दरवाजे चौकात सगळे बघतात, ती प्रतिकृती आहे. गिबर्टीने २७ वर्षं खपून केलेले मूळ दरवाजे या संग्रहालयात आहेत, आणि समोर गर्दीही नव्हती. तिथेच मायकेलअँजेलोचा पिएता आहे, म्हणजे मृत येशूला सावरून धरल्याचं शिल्प. सत्तरी ओलांडल्यावर त्याने तो स्वतःच्या थडग्यासाठी कोरायला घेतला आणि नंतर स्वतःच फोडला, असं सांगतात. येशूला सावरणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा त्याचा स्वतःचा आहे असं मानतात. बायको त्याच्यासमोर अर्धा तास उभी होती. तरी डेव्हिड राहिला तो राहिलाच. आता आधी संग्रहालयांचे वार बघणार आणि मगच विमानाची तिकिटं काढणार.

*

गाडी भाड्याने घेऊन जाणार असाल तर एवढं वाचाच. जुन्या शहरात परवाना असलेल्या गाड्यांनाच प्रवेश आहे, पाट्यांवर झेडटीएल असं लिहिलेलं असतं आणि कॅमेरे नंबर टिपतात. आम्ही सामान उतरवायला हॉटेलपर्यंत गेलो, रस्ता चुकून पुन्हा आत शिरलो. काही महिन्यांनी घरी दोन वेगवेगळे दंड आले. हॉटेलला आधी विचारून गाडीचा नंबर कळवला असता तर हे टळलं असतं. खरं तर गाडी लागतच नाही. रेल्वे स्टेशनपासून कॅथीड्रल पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

*

माझं वय ६८. गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत, पण ह्यांना घुमट चढायची फार हौस. "तू नाहीस तर मीही नाही," असं ते दोन दिवस म्हणत राहिले. शेवटी मीच त्यांना पाठवलं. कॅथीड्रलच्या दक्षिणेला एका इमारतीच्या दर्शनी भागात ब्रुनेलेस्कीचा बसलेला पुतळा आहे. मांडीवर नकाशा आणि नजर वर, आपल्या घुमटाकडे. मी त्याच्याजवळ थांबले. वर माणसं मुंगीएवढी दिसत होती. त्यातले आमचे कोणते ते काही ओळखू येईना, तरी मी हात हलवला. खाली आल्यावर ते म्हणाले, "मीही हलवत होतो."

धागा काढणाऱ्या ताईंचा नियम छान आहे, पण दोघांनी सगळीकडे सोबत गेलंच पाहिजे असं मला वाटत नाही. एखादा तास वेगळे राहिलात तर सांगायला काहीतरी उरतं.

संध्याकाळी सान मिनियातोला जा. टेकडीवरच्या पियात्साले मायकेलअँजेलो या चौकात सूर्यास्त बघायला झुंबड असते, त्याच्याही वर हे जुनं चर्च आहे, बांधायला १०१८ साली घेतलेलं. आम्ही बसने गेलो. तिथले साधू संध्याकाळची प्रार्थना गातात. भाषा कळत नव्हती, पण आम्ही दोघंही हलू शकलो नाही. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला, चर्चमध्ये ते लागतंच.

*

आमच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याचं भांडण झालं, कारण आता दोघांनाही सांगता येणार नाही. पण नदीपलीकडच्या ब्रांकाची चॅपेलची वेळ घेतलेली होती. तिथे एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात, म्हणून न बोलता गेलो.

आत मासाच्चोने काढलेले आदम आणि ईव्ह आहेत, स्वर्गातून हाकललेले. आदमने दोन्ही हातांनी तोंड झाकलंय, ईव्ह तोंड उघडून आक्रोश करतेय. १७व्या शतकात कुणीतरी त्यांच्या अंगावर पानं रंगवली होती. १९८०च्या दशकात चित्र साफ करताना ती काढून टाकली. आता ते पुन्हा तसेच उघडे आहेत. दोघं एकाच वाटेने चालताहेत, पण एकमेकांकडे बघत नाहीत. नवरा हळूच म्हणाला, "सकाळी आपण असेच होतो."

तिथून सांता त्रिनिता पुलावर गेलो. पोन्ते वेक्कियो हा जुना पूल बघायला त्याच्यावर उभं राहण्यापेक्षा या पुलावरून बघा. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले सगळे पूल उडवले, फक्त पोन्ते वेक्कियो ठेवला. सांता त्रिनिताचे दगड मग नदीतून काढून तो होता तसा पुन्हा बांधला, १९५८ मध्ये खुला झाला. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे आहेत. त्यातल्या वसंताचं डोकं तेव्हा सापडलंच नव्हतं, ते १९६१ मध्ये नदीत मिळालं. नवऱ्याने हे वाचून दाखवलं आणि आम्ही बराच वेळ त्या मूर्तीची मान बघत उभे होतो. सांधा दिसतो का ते शोधत. तिथेच बोलणं सुरू झालं.

*

उफीझी सोडून देऊ नका, फक्त सगळं बघायचा हट्ट सोडा. आम्ही बोत्तिचेल्ली या चित्रकाराची दालनं ठरवून गेलो आणि दोन तासांत बाहेर आलो. हे सगळं अजून त्या शहरात आहे ते इथे राज्य केलेल्या मेदिची घराण्यातल्या शेवटच्या बाईमुळे. आन्ना मारिया लुईझाने १७३७ साली करार करून घेतला की घराण्याच्या संग्रहातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. आत जाण्याआधी बायकोला हे सांगितलं. पुढच्या प्रत्येक चित्रासमोर ती म्हणत होती, "हेही तिनेच राखलं."

*

धागा मीच काढला होता. काकू, तुमचं म्हणणं पटलं, पुढच्या खेपेला एक तास वेगळा ठेवणार. डेव्हिड राहिलेल्या दादांनी वहिनींना घेऊन पुन्हा जावं. चौकातल्या डेव्हिडच्या प्रतिकृतीवर भागवू नका, मूळ मूर्ती १८७३ पासून अकाडेमियात आहे. आणि कुणी जानेवारीत गेलं असेल तर जरूर लिहा. आमचं आता तेव्हाचंच चाललंय, ह्यांना सान मार्को पुन्हा बघायचंय.