आर्णीकडून स्प्लेंडरवर कोकण किनारा, दहा दिवसांत होते का?

कपाशीवाला

राम राम मंडळी. मी आर्णी तालुक्यातला. कपाशी, तूर, अन् विहिरीच्या पाण्यावर तीन एकर हरभरा. गाडी स्प्लेंडर, 2015 ची. इंजिनचं काम एकदा झालं, पण आजवर रस्त्यात कधी उभं केलं नाही तिनं.

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाह्यला, म्हणजे पाह्यला असं म्हणताही येत नाही. मोर्चाले आझाद मैदानावर गेलो होतो. वापसीच्या गाडीले दोन तास होते म्हणून पाचसहा जण चौपाटीवर गेलो. अंधार पडून गेला होता. पाणी काही दिसलं नाही, नुसता आवाज. तवापासून डोक्यात हाय का एकदा दिवसाढवळ्या पाहाचा, अन् गाडीनं जाऊन पाहाचा.

तूर निघाली का माघात दहा दिवस मोकळे काढू शकतो. माह्या डोक्यात असं हाय: समृद्धीनं मुंबई, पुढं मांडव्याहून किनाऱ्या-किनाऱ्यानं थेट गोव्याच्या हद्दीवरल्या तेरेखोलपर्यंत. रोज तीनशे किलोमीटर धरले तं आरामात बसते. दिग्रस-पुसद करता करता मी एका दिवसात दोनशे सहज हाणतो.

दोन अडचणी. मागच्या सीटवर मोठे साळे येऊन राह्यले. वजन 85 किलो, गळ्यात तुळशीची माळ. मासळीच्या मुलखात ते दहा दिवस काय खातील? दुसरी, त्यांची अट हाय का जाताना माघी एकादशीले पंढरपूर झालं पाह्यजे, नाहीतर ते येत नाही. अन् ते नाही आले तं घरून मलेही सुट्टी नाही. बायकोचा भरवसा भावावर हाय, माह्यावर नाही.

कोणी गेलं असन तं सांगजा.

डेपोतला माणूस

भाऊ, मी दारव्ह्याकडचा. एसटीत चालक होतो, आता निवृत्त. नोकरीची पहिली नऊ वर्षं कोकणातल्या डेपोत गेली, म्हणून बोलतो.

समृद्धी विसर. तिथं दुचाकी चालत नाही, टोलवरूनच वापस लावतात. अन् तुले समृद्धी पाह्यजे कायले? तुह्या आर्णीतून जो सिमेंटचा मोठा रस्ता जाते ना, तोच धर. नागपूर, वर्धा, यवतमाळ करत तो तुह्याकडं येते, पुढं महागाव, उमरखेड, नांदेड, लातूर, तुळजापूर. सोलापुराहून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, अन् आंबा घाट उतरून रत्नागिरी. साडेसातशेच्या आसपास किलोमीटर, एकच रस्ता. समुद्राकडं जाणारा रस्ता तुह्या गावापाशी हाय अन् तू मुंबईकडं तोंड करून राह्यला! पंढरपूरही वाटेतच पडते, मंगळवेढ्याहून पंचवीसेक किलोमीटर वाकडं.

आता तुह्या तीनशे किलोमीटरचं. आपल्या इकडं रस्ता सरळ, दोन गावांत अंतर किती तेवढंच मोजाचं. तिकडं खाड्या मोजाच्या. समोरचं गाव डोळ्यानं दिसते, त्या गावातला कुत्रा भुकला तं ऐकू येते, पण मधात खाडी. पूल असला तं ठीक, नाहीतर मागं घाटापर्यंत जाऊन उलटं या. मांडव्याहून खाली निघाला तं आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे अन् जयगडपाशी तवसाळ, अशा चार ठिकाणी फेरीबोट लागते. तिकडं तिले जंगलजेट्टी म्हणतात. दाभोळची 2003 मध्ये सुरू झाली. त्याआधी दापोलीहून गुहागरले जायचं तं खेड-चिपळूण करून शंभरावर किलोमीटर. मी तो फेरा प्रवासी घेऊन केला हाय, झोपेतही स्टिअरिंग फिरत होतं. बोट दहा-पंधरा मिनिटांत पल्याड नेते, पण ती तुही वाट पाहत नाही, तुलेच तिची पाहा लागते. किनाऱ्याच्या रस्त्यानं दिवसाले शंभर किलोमीटर झाले तं लय झाले.

म्हणून सांगतो, सगळा किनारा करू नको. मधातून रत्नागिरीले उतर, अन् खालचा अर्धा मालवणपर्यंत पाह्य.

घाटवेडा (पुणे)

स्प्लेंडरवर दोघं, त्यात 85 किलोचे पिलियन आणि आंबा घाट? स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा प्रवास किमान 350 सीसीच्या गाडीचा आहे. मागचा ब्रेक ड्रमचा, गुडघ्याला पॅड नाहीत, बॅगा बांधायला रॅक नाही. गाडी भाड्याने घ्या किंवा कोल्हापूरपर्यंत रेल्वेने जा. बाकी रत्नागिरीजवळचा आरे-वारेचा रस्ता चुकवू नका, ड्रोन असेल तर न्या.

डेपोतला माणूस

ड्रोन त्याच्यापाशी फवारणीचाही नाही हो.

घाटात सीसी नाही, गिअर लागते. मी बारा टनांची गाडी ब्रेकवर नाही, गिअरवर उतरवत होतो. भाऊ, तू फक्त इतकं कर: ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. ड्रमचा ब्रेक सारखा दाबून ठेवला का तापते, अन् तापला का लागत नाही. साळेबुवांले सांग, वळणावर तुह्यासंगं झुकाचं. घाबरून उलट्या बाजूनं झुकणारा माणूस 50 किलोचा असला तरी गाडी पाडते.

निघाच्या आधी चेन-स्पॉकेट, मागचे ब्रेकशू अन् दोन्ही टायर पाहून घे. क्लचवायर जुनीच्या बाजूनं नवी टाकून बांधून ठेव, तुटली का पाच मिनिटांत जोडता येते. एक ट्यूब संगं ठेव. पेट्रोल किनाऱ्यावर अर्धी टाकी झाली का भर. रत्नागिरी, देवगड, मालवण इथं मिळते, मधातल्या गावांचा भरवसा नाही. येणं-जाणं मिळून दोन हजार किलोमीटर होतात, साठचं मायलेज देत असन तं 35 लिटर धर.

खाडीकाठ

दादा, मी रत्नागिरीची, भाट्याच्या खाडीजवळ घर आहे. तुमच्या त्या रस्त्याला आमच्याकडे मिऱ्या–नागपूर महामार्ग म्हणतात. सुरुवात इथल्या मिऱ्या बंदरावर. म्हणजे तुमच्या गावचा रस्ता आमच्या समुद्रात येऊन संपतो. चौपदरीकरणाचं काम सुरू आहे, आंबा घाटाच्या बाजूला धूळ आणि वळवलेले रस्ते असतील, तेव्हा घाट दिवसाच उतरा. सकाळी फार लवकरही नको, धुकं असतं.

साळेबुवांच्या जेवणाची काळजी कशाला? आमच्याकडेही माळकरी आहेत, पंढरीच्या वाऱ्या इकडूनही जातात. खानावळीत शिरल्या शिरल्या "माळ आहे" एवढं सांगा, समजतात. मात्र सांगा नक्की, गप्प राहून नुसती भाजी मागू नका. सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी कुळथाची पिठी आणि भात, सोलकढी. माघ-फाल्गुनात ओले काजू येतात, त्याची उसळ मिळाली तर सोडू नका. तुम्हाला हे सगळं मिळमिळीत लागणार. माझी नणंद अमरावतीला दिलेली आहे, आमची आमटी खाऊन तिचे यजमान म्हणतात, "हे तं आजाऱ्याचं हाय." तेव्हा तिखटाची पुडी बरोबर ठेवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. गाडी वाळूत घालू नका. ओहोटीला पुळण अगदी डांबरी रस्त्यासारखी टणक दिसते. दर सुट्टीत कोणीतरी गाडी घेऊन उतरतं, फोटो काढण्यात वेळ जातो, भरती चढते, चाक रुततं, आणि मग गावातली माणसं दोर घेऊन धावतात. गेल्या वर्षी माझ्या दिराने एक जीप ओढून काढली, दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली. शिवाय कासवं अंडी घालतात ती याच दिवसांत, याच वाळूत.

भरतीची वेळ काढायला मोबाइल नको. तिथीची पाऊणपट करायची. एकादशी म्हणजे अकराची पाऊणपट सव्वाआठ, तर सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा ओलांडली की पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतं, पण आमच्या आजीचं सगळं आयुष्य यावर चाललं.

कपाशीवाला

बाई, तुमचा हा पाऊणपटीचा हिशोब मी साळेबुवांले वाचून दाखवला अन् माणूस पेटला. आजवर त्यांले या प्रवासात पंढरपूर सोडून काहीच दिसत नव्हतं. आता पंचांग घेऊन बसले. म्हणे, "मी चाळीस वर्षं एकादशी धरतो, अन् समुद्र माह्याच तिथीवर चालते हे मले कोणी सांगितलं नाही." काल रात्री दहा वाजता फोन करून मले सांगतात, आता तिकडं भरती लागली असन. मी हरभऱ्यात जागलीवर, रानडुकरं हाकलून राह्यलो, अन् यांची भरती!

पुण्याच्या भाऊंचा राग नाही. रॅक आर्णीतल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतो.

आता डेपोवाले काका, तुम्हीच दिवस पाडून द्या. एकादशीले पंढरपूर पक्कं. अन् जंगलजेट्टीत गाडी घालाची हाय, ती कशीही बसवा. मुलीले कबूल केलं हाय का बोटीवर गाडीसंगं फोटो पाठवतो.

डेपोतला माणूस

मंग ऐक. नवमीले पहाटे नीघ. नांदेडले जेवण, लातूरले मुक्काम. तेवढे 290 होतात, डबलसीट पुरे झाले. दशमीले तुळजापूरचं दर्शन करून सोलापूर, पंढरपूर. माघी वारीत खोली मिळणार नाही, साळेबुवांच्या ओळखीचा मठ असन तं आत्ताच सांगून ठेवा. एकादशी तिथंच. द्वादशीले पारणं सोडून निघा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. त्रयोदशीले घाट उतरून रत्नागिरी.

चतुर्दशी तुह्या जेट्टीची. आरे-वारेवरून गणपतीपुळे, तिथून जयगड, गाडी बोटीत टाक अन् तवसाळले उतर. हेदवीचा गणपती पाहून त्याच वाटेनं वापस. एका दिवसात दोन बोटी झाल्या, पोरीले दोन फोटो पाठव. पौर्णिमेले पावस, पूर्णगड, जैतापूर करत देवगड. हा पट्टा गाडीवाल्यासाठी सगळ्यात भारी: एका वळणावर जांभ्या दगडाचा लाल सडा, म्हणजे उघडं पठार, दुसऱ्यावर आंब्याच्या बागा, तिसऱ्यावर एकदम खाली पाणी. आपल्याकडं दहा किलोमीटर आधीपासून दिसते का पुढं काय हाय. तिकडं पन्नास फूट पुढचं दिसत नाही. हॉर्न वाजव, एसटी येत असते. मी नसलो तरी.

मंग कुणकेश्वर अन् मालवण, सिंधुदुर्ग किल्ल्यावर नावेनं जा. 1664 मध्ये त्याचं काम लागलं, तीन वर्षांत उभा झाला, अन् आपल्या इकडं एक पाझर तलाव किती वर्षांत होते ते तुले ठाऊक हाय. तिथून कणकवली, फोंडा घाट, कोल्हापूर. पुढं आलेल्या वाटेनं घर. अकरा-बारा दिवस होतात. दहात बसत नाही, मी खोटं कायले सांगू?

एक गोष्ट सुटून राह्यली त्याचं वाईट वाटते. वेंगुर्ल्याच्या खाली शिरोडं हाय, मिठागरांचं गाव. 1930 मध्ये तिथं मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच साली आपल्या पुसदले बापूजी अण्यांनी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला होता. त्यांच्याकडं मीठ, आपल्याकडं गवत. मी शिरोड्याची मुक्कामी एसटी घेऊन जात होतो तं तिथले लोक मले विचारत, तुमच्याकडं समुद्र नाही, मंग तुम्ही काय केलं? हे सांगितलं का चहाचे पैसे घेत नसत. मालवणाहून एक दिवस वाढवता आला तं जा.

खाडीकाठ

चतुर्दशीला भरती साडेदहाला, म्हणजे संध्याकाळी साडेचारला पूर्ण ओहोटी. जेट्टीवरून परतताना आरे-वारेला त्याच सुमाराला थांबलात तर मोकळा किनारा मिळेल. गाडी वर रस्त्यावर लावून पायी उतरा. पाण्यात गुडघ्यापर्यंतच. पोहायला येत असेल विहिरीतलं, ते इथे चालत नाही.

आणि दर दोन दिवसांनी गाडीवर गोडं पाणी मारा, चेनला तेल द्या. खारा वारा लोखंड खातो. आमच्या दाराच्या कड्या दर पाच वर्षांनी बदलतो आम्ही.

कपाशीवाला

ठरलं. अकरा दिवसांची मंजुरी मिळाली, बाराव्याची नाही. म्हणजे शिरोडं राह्यलंच. जागलीचं असं जमलं का पुतण्या रात्री झोपाले जाईन, बदल्यात आल्यावर त्याच्या तुरीचं थ्रेशर मी लावून देणार. दोन ब्रेकशू बदलले, वायर टाकली. बायकोनं तिखटाच्या तीन पुड्या बांधून ठेवल्या. साळेबुवांनी अकरा दिवसांच्या भरती-ओहोटीचा कागद लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घातला. त्यात लातूरची अन् पंढरपूरचीही भरती लिहून हाय. मी काही बोललो नाही.

बाई, एकच विचारतो. त्रयोदशीले घाट उतरल्यावर मले पहिले मिऱ्याले जाचं हाय, रस्ता संपते तिथं. तिथं गाडी लावाले जागा हाय का?

खाडीकाठ

आहे. समोर दगडांचा बंधारा दिसेल, त्याच्या अलीकडे लावा. त्रयोदशीची भरती पावणेदहाला, तेव्हा दुपारी पोचलात तर पाणी बरंच आत गेलेलं असेल. साळेबुवांच्या कागदावर असेलच.