पैठणच्या उद्यानाला इतिहास नाही म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

पैठणकर: काल इथं एकानं लिहिलं, "पैठणचं ज्ञानेश्वर उद्यान म्हणजे म्हैसूरजवळच्या वृंदावन बागेची नक्कल. इतिहास असेल तर तो संभाजीनगरच्या हिमायत बागेला. पैठणचं खासगी कंपनीला देऊन मोकळे व्हा." वाचून झोप लागली नाही. वृंदावनच्या धर्तीवर केलं हे कुणी लपवलंय का? तिथं कृष्णराज सागराच्या पायथ्याला बाग, इथं नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या. पण मराठवाड्यातल्या किती शाळांच्या सहली इथं आल्या! पाचवीत मी पहिल्यांदा संगीत कारंजं बघितलं. पाणी लाल झालं तशी पुढची सगळी पोरं उठून उभी राहिली अन् मागून बाया ओरडायल्या, "खाली बसा की रे!" हा इतिहास नाही का?

दिल्लीगेटवाला: ते मीच लिहिलंय. सहलीची आठवण म्हणजे इतिहास नव्हे. हिमायत बाग मोगलांच्या काळातली, आज तिथं कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. बाग अजून कामाची आहे. तुमच्या उद्यानाची वर्षानुवर्षं काय दशा होती, सगळ्यांना ठाऊक आहे.

बुडीत गावची: फुलझाडांवरून काय भांडायलात? जायकवाडी गाव बीड जिल्ह्यातलं. धरण तिकडं व्हायचं होतं, झालं पैठणला, नाव तेवढं तिकडचं राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला शास्त्रीजींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिराबाईंनी उद्घाटन. आमचं गाव त्याच धरणाच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजी काठावर न्यायची, बोटानं दाखवायची, "ती चिंच, तिच्या अलीकडं आपलं जोतं." मोबदल्यासाठी आजोबांनी कचेरीत चपला झिजवल्या. शेवटी पैसे आले तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले.

परभणीचा शेतकरी: ताई, दुःख मान्य. पण डावा कालवा आला नसता तर आमची कोरडवाहू जमीन तशीच राहिली असती. संभाजीनगरच्या नळालाही हेच पाणी.

बुडीत गावची: मग पाणी पिताना आमची आठवण काढता का कधी? तुमचा ऊस उभा राहिला, आमची चिंच बुडाली. "दुःख मान्य" दोन शब्दांत उरकू नका!

परभणीचा शेतकरी: उरकत नाही. पण वरची धरणं पाणी अडवतात तेव्हा डाव्या कालव्यावर आम्हीही कोरडेच राहतो. कालव्याच्या पाण्याच्या पाळीची वाट बघत माझ्या बापाचं आयुष्य गेलं. ते कुणी विचारलं?

पैठणकर: अहो, धागा उद्यानाचा आहे!

बुडीत गावची: उद्यान धरणाच्याच पायथ्याला आहे ना? मग?

दिल्लीगेटवाला: बरं. "इतिहास नाही" हे मागं घेतो, ताईंमुळं. पैठणकरांच्या कारंज्यामुळं नाही. खासगी कंपनीचं मात्र मागं घेणार नाही. देखभाल कोण करणार, सांगा.

बुडीत गावची: कुणालाही द्या. आधी फाटकाशी बुडालेल्या गावांच्या नावांची पाटी लावा.

पैठणकर: पाटीच्या अर्जावर पहिली सही माझी. पण कंपनीच्या हाती फाटक जाऊ देणार नाही. तिकीट परवडेना म्हणून खेड्यातली शाळा बाहेरूनच परत गेलेली मला बघवणार नाही.